तीनदा दिवस गेले, गर्भ टिकला नाही: दोष पीसीओडीचाच का?

प्रश्न असा आला आहे: वय ३१, लग्नाला सहा वर्षं. एकोणिसाव्या वर्षापासून पीसीओडी (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा अंडाशयाचा विकार), पाळी चाळीस-पन्नास दिवसांनी येते. तीन वेळा दिवस गेले. पहिल्या वेळी सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते, दोन दिवसांत क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणं) झालं. दुसऱ्या वेळी ठोके आले, पण नवव्या आठवड्यात थांबले. तिसऱ्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि आठवड्याभरात घरीच ब्लीडिंग झालं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ४.८. टॉर्चची, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या काही जंतूंची, तपासणी दोनदा झाली. सासूबाई म्हणतात पिशवीच कमजोर आहे. पीसीओडीमुळेच राहत नाही का? पुन्हा प्रयत्न करू, की सरळ आयव्हीएफ? आणि शेवटचं वाक्य: "खरं सांगू का, आता टेस्ट करायचीच भीती वाटते."

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ते इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की त्याला गोळी नसते हे मला पक्कं कळलंय. त्यावर शेवटी लिहिते. आधी तुमची फाईल उघडू, कारण फाईलवर "पीसीओडी" एकदा लिहिलं गेलं की पुढची पानं कुणी नीट वाचत नाही. त्यात आम्ही डॉक्टरही आलो.

पिशवीचं आधी संपवते. "पिशवी कमजोर" असं निदान मला आजवर एकाही पुस्तकात सापडलेलं नाही. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडतं, हा प्रकार खरा आहे. पण तो चौथ्या-पाचव्या महिन्यात घात करतो, आणि टाका घालतात तो त्यासाठी. सातव्या-नवव्या आठवड्याशी त्याचा काही संबंध नाही. सासूबाईंना हे पटवून द्यायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या.

आता पीसीओडी. कुठल्याही शंभर गर्भधारणांमधल्या साधारण पंधरा टिकत नाहीत, बाई अगदी धडधाकट असली तरी. पीसीओडीत हे प्रमाण वाढतं, हे खरं. पण त्या वाढीतला बराचसा भाग वाढलेलं वजन, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि चढती साखर यांच्या खात्यावर जातो. सोनोग्राफीत मोत्यांच्या माळेसारखे दिसतात ते "सिस्ट" म्हणजे गाठी नसतात, अर्ध्यात वाढ थांबलेले बीजकोश असतात. नुसत्या त्या माळेवरून पुढचा गर्भ टिकेल की नाही, हे सांगता येत नाही. १९९० च्या सुमारास लंडनमधल्या डॉक्टरांनी मांडलं होतं की पीसीओडीत चढा असणारा एलएच हा हार्मोनच गर्भ पाडतो. तर्क पटण्यासारखा होता. १९९६ साली औषधाने एलएच दाबून पाहिला, तर गर्भपात काही कमी झाले नाहीत. म्हणून पीसीओडीवर माझा संशय जरूर आहे, पण तेवढ्यावर बाकीचा तपास बंद करायला मी तयार नाही.

तुमची पहिली वेळ बघा. "सातव्या आठवड्यात ठोके नव्हते." हा सातवा आठवडा मोजला कुणी? मशीनने, शेवटच्या पाळीच्या तारखेवरून. मशीन अठ्ठावीस दिवसांची पाळी गृहीत धरतं, म्हणजे चौदाव्या दिवशी बीज फुटलं असं मानून चालतं. बीज फुटल्यापासून पाळी येईपर्यंत साधारण चौदा दिवस लागतात आणि हा भाग बहुतेक जणींत सारखाच असतो. पाळी लांबते ती त्याच्या आधी. तुमची पाळी पंचेचाळीस दिवसांची धरली, तर बीज एकतिसाव्या दिवसाच्या आसपास फुटलं असणार. हा झाला सतरा दिवसांचा फरक. म्हणजे पाळीपासून एकोणपन्नास दिवस मोजून "सात आठवडे" म्हटलं, त्या दिवशी गर्भाचं खरं वय साडेचार आठवडे. एवढ्या लवकर गर्भाशयात एक बारीकशी काळी टिकली दिसली तरी पुष्कळ. ठोके दिसायला सहा आठवडे भरावे लागतात.

हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. तुमच्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाही, तो रिपोर्ट माझ्यासमोर नाही. जुनं उकरून रात्री जागवाव्यात म्हणून तर मुळीच लिहीत नाही. पण पाळी लांबणाऱ्या प्रत्येकीला हा हिशोब माहीत असलाच पाहिजे, कारण पुढच्या वेळी तो उपयोगी पडणार आहे. गर्भ गेला हे ठरवायला आकडे ठरलेले आहेत. गर्भाची लांबी, रिपोर्टात सीआरएल लिहितात ती, ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत. किंवा गर्भपिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नाही. आकडा याच्या खाली असेल तर किमान सात दिवस थांबून पुन्हा सोनोग्राफी करायची. तब्येत स्थिर असेल तर तेवढ्या दिवसांत काही बिघडत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई "ठोके नाहीत, साफ करून घ्या" अशी चिठ्ठी घेऊन आली होती. पाळी पन्नास दिवसांची. तिला दहा दिवस थांबवलं. तो मुलगा आता आठवीत आहे आणि आईला पुरता जेरीस आणतो.

दुसरी वेळ वेगळी. ठोके येऊन थांबले, म्हणजे तारखांचा घोळ नव्हता. इथे फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागदच नाही: त्या गर्भाच्या पेशींच्या गुणसूत्रांची तपासणी. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो. बीज तयार होताना किंवा पहिल्या काही विभाजनांत एखादं गुणसूत्र जास्त पडतं किंवा कमी पडतं आणि गर्भ काही आठवडे वाढून थांबतो. त्यात तुमच्या हार्मोन्सचा हात नसतो, स्कूटरचा नसतो, खाल्लेल्या पपईचाही नसतो. पण हे कळायला पेशी नीट जायला हव्यात. बहुतेक ठिकाणी होतं असं: क्युरेटिंग झालं की पेशी फॉर्मालिन या रसायनाच्या बाटलीत पडतात, पॅथॉलॉजीला जातात आणि चार दिवसांनी कागद येतो की हे गर्भाचेच अवशेष आहेत. ते तर आपल्याला आधीच माहीत होतं! गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पेशी ताज्या लागतात, निर्जंतुक डबीत, साध्या सलाईनमध्ये. फॉर्मालिन पडलं की पेशी मेल्या. देव न करो, पण पुन्हा वेळ आलीच तर ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी तुमच्या नवऱ्याने एवढं एकच वाक्य बोलायचं: "डॉक्टर, जेनेटिक टेस्टला पाठवायचंय, सलाईनमध्ये ठेवा." लॅबशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलेलं बरं.

क्युरेटिंग हा एकच मार्ग नसतो, हेही सांगते. वाट पाहणं, गोळ्या किंवा हाताच्या सिरिंजने ओढून घेणं, असे पर्याय असतात. वारंवार खरवडल्याने गर्भाशयाचं अस्तर आतून चिकटण्याचा धोका असतो, म्हणून विचारून निर्णय घ्यावा.

तिसऱ्या वेळी गर्भ सोनोग्राफीत दिसण्याआधीच गेला. त्यातून कारण फारसं कळत नाही. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत असा गर्भपातही मोजतात आणि दोन झाले की तपासण्या सुरू करायला सांगतात. ब्रिटनचे डॉक्टर पूर्वापार तीनची वाट पाहत आले. तुमचे तीन झाले, त्यामुळे तो वाद तुमच्यासाठी संपला.

मग तपासण्या कोणत्या? सगळ्यात आधी अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली, रक्ताच्या गुठळ्या वाढवणारी प्रथिनं), कारण वारंवार गर्भपाताच्या कारणांत उपचाराने खरोखर फरक पडतो असं हे ठळक कारण आहे. ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन अशा तीन तपासण्या, शेवटच्या गर्भपातानंतर निदान सहा आठवड्यांनी. पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा. दोन्हीदा पॉझिटिव्ह आल्याशिवाय निदान होत नाही. झालं तर अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन. हे इंजेक्शन आपल्याकडे "रक्त पातळ करायचं" म्हणून सरसकट टोचलं जातं, याचा मला राग येतो. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या बायकांनाही त्याने फायदा होत नाही, हे २०२३ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. मग काहीच दोष सापडला नसताना कशाला?

त्यानंतर थायरॉइड आणि टीपीओ (थायरॉइडविरुद्धची) अँटिबॉडी, साखरेसाठी एचबीए१सी, आणि गर्भाशयाचा आकार बघायला थ्री-डी सोनोग्राफी. नवरा-बायकोची कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची, तपासणी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. अशा शंभर जोडप्यांत मोजून दोन-चार ठिकाणी गुणसूत्रांची अदलाबदल सापडते, पण सापडली तर पुढचा रस्ताच बदलतो.

टॉर्च तिसऱ्यांदा करू नका. त्यातली आयजीजी (जुन्या संसर्गाची खूण असलेली अँटिबॉडी) पॉझिटिव्ह म्हणजे लहानपणी कधीतरी जंतूशी गाठ पडली होती किंवा लस घेतली होती, एवढंच. वारंवार गर्भपाताचं कारण म्हणून तिला अर्थ नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही ती लिहून द्यायची, सगळे लिहायचे म्हणून. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचणं, एनके सेल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजून इंट्रालिपिड हे स्निग्ध सलाईन चढवणं, हेही कुणी सुचवलं तर उठून या.

तुमचा टीएसएच ४.८ आहे, तो मी असा सोडणार नाही. मूल हवं असलेल्या बाईत इतक्या आकड्याला बहुतेक डॉक्टर थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या गोळीची, लहान मात्रा देतात आणि अडीचच्या खाली आणायचा प्रयत्न करतात. गोळी घेण्यातच खरी मेख असते. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. आपल्याकडे गोळी चहाबरोबर गिळायची सवय असते, वर लोह-कॅल्शियमही तेव्हाच. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी घ्या. दिवस गेल्यावर थायरॉक्सिनची गरज वाढते. टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातच्या जागी नऊ गोळ्या घ्यायच्या, असं बऱ्याच जणींना सांगून ठेवतात. तुम्हाला ते लागू आहे का, हे आत्ताच विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मात्र टीएसएच नॉर्मल असेल आणि फक्त टीपीओ पॉझिटिव्ह असेल, तर गोळीने मूल राहण्याचं प्रमाण वाढत नाही, हे २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं आहे.

पीसीओडीसाठी करायचं ते दिवस जाण्याआधी. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी बीज फुटायला मदत होते, म्हणजे सत्तर किलोच्या बाईला साडेतीन-चार किलोपासून सुरुवात. बारीक अंगाच्या बायकांनाही पीसीओडी असतो, त्यांना उपाशी राहायला सांगणारे मी पाहिलेत, तो मूर्खपणा. साखर तपासा. मुरुमांची किंवा अंगावरच्या केसांची औषधं चालू असतील तर प्रयत्नांआधी दाखवून घ्या, त्यातली काही गर्भाला घातक असतात. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासूनच सुरू करा. मेटफॉर्मिन साखरेसाठी आणि पाळीसाठी ठीक, पण गर्भपात टाळायचं औषध म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बीज फुटण्यासाठी लेट्रोझोल हे आता पहिल्या पसंतीचं औषध आहे. २०११ मध्ये आपल्याकडे या कामासाठी त्याच्यावर बंदी आली होती, पुढे ती उठली. तुमच्यासाठी त्याचा आणखी एक फायदा असा की बीज कधी फुटलं ते सोनोग्राफीत बघून तारीख लिहिता येते आणि वर सांगितलेला सतरा दिवसांचा घोळ होत नाही.

प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनवर मला सगळ्यात जास्त विचारतात. २०१५ ची एक मोठी चाचणी आहे, ब्रिटन आणि नेदरलँड्समधली, कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपाताच्या ८३६ बायका. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. औषधवाल्यांपैकी ६५.८ टक्क्यांना मूल झालं, बिनऔषधवाल्यांपैकी ६३.३ टक्क्यांना. फरक नगण्य. पण दुसऱ्या बाजूने वाचा: काहीही औषध नसताना, वारंवार गर्भपात होऊनही, दर तिघींपैकी जवळजवळ दोघींच्या हातात मूल आलं. पुन्हा प्रयत्न करू का, या तुमच्या प्रश्नावर माझं "हो" आहे ते या आकड्यामुळे, आणि तुमचं वय एकतीस आहे म्हणून. प्रोजेस्टेरॉनला एक जागा मात्र आहे. आधी गर्भपात झालेला आहे आणि यावेळी सुरुवातीला ब्लीडिंग सुरू झालं, तर २०१९ च्या चाचणीत त्याने फायदा दिसला, तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत सर्वांत जास्त. योनीमार्गे ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. त्याची चिठ्ठी आधीच लिहून घेतलीत तर रात्री अकराला कुणाला उठवावं लागणार नाही.

आयव्हीएफची घाई नको. तुम्हाला दिवस राहायला अडचण नाही, तीनदा राहिलेत. आयव्हीएफने गर्भ टिकण्याची हमी वाढत नाही, आणि पीसीओडीत इंजेक्शनांनी अंडाशय बेसुमार फुगण्याचा धोका असतो तो वेगळाच.

नवऱ्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. गर्भातली निम्मी गुणसूत्रं त्यांची. तंबाखू, गुटखा, सिगारेट असेल तर तीन महिने आधी बंद, कारण नवीन शुक्राणू तयार व्हायला साधारण तेवढा काळ लागतो.

आता भीती.

सुरुवातीच्या काळात मी अशा प्रत्येकीला तीन महिने पलंगावर ठेवायची. पायाखाली विटा, बाथरूमपुरतं उठायचं. त्याने एकही गर्भ जास्त टिकतो असं सिद्ध झालेलं नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, पाठ धरते, आणि दिवसभर छताकडे बघत बाई फक्त पोटाचाच विचार करते. हे मला एका पेशंटनेच शिकवलं. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "मॅडम, यावेळी झोपवू नका, मी शाळेत जाते, पोरांच्या गोंगाटात दिवस तरी सरतो." तिला जाऊ दिलं.

दुसरी एक होती, तिने पर्समधून मेडिकलची प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या टेबलावर ओतली. प्रेग्नन्सी टेस्टच्या अकरा पट्ट्या, प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख. "कालची रेघ परवापेक्षा फिकी आहे का बघा ना." मी चष्मा लावून बघितल्या. फिकी-गडद असं काही नव्हतं, आणि तिचे हात थरथरत होते. अशा वेळी "काळजी करू नका" म्हणणं म्हणजे पेशंटला घालवून देण्यासारखंच असतं. २०२० च्या लंडनच्या एका अभ्यासात, सुरुवातीचा गर्भ गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांना महिन्यानंतर अपघातातून वाचलेल्या माणसासारखी लक्षणं होती: दचकणं, तेच तेच दिसणं, झोप उडणं. नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांना होती. म्हणजे तुम्ही नाजूक मनाच्या आहात असं काही नाही. झोप आणि जेवण सुटलं असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जाणं हा या उपचाराचाच भाग समजा.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी वेळापत्रक देते, कारण भीतीला मोकळा वेळ मिळाला की ती फोफावते. बीज फुटल्याची तारीख माहीत असेल तर त्यानंतर सोळाव्या दिवशी एकच टेस्ट, एकच पट्टी. पॉझिटिव्ह आली तर त्या दिवशी फक्त फोन करायचा. पहिली सोनोग्राफी बीज फुटल्यापासून पाच आठवड्यांनी, म्हणजे गर्भाचे सात आठवडे भरल्यावर (मोजणीत बीज फुटण्याआधीचे दोन आठवडेही धरतात), त्याआधी अजिबात नाही. मग बारा आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पाच मिनिटं, ठोके बघायचे आणि घरी जायचं. मध्ये एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली किंवा तासाला दोन पॅड भिजायला लागले, तर तारखेची वाट न पाहता निघायचं; गर्भ नळीत असू शकतो.

कुणाला सांगायचं ते दोघांनी आधीच ठरवा. पाचव्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगायचं नाही हा रिवाज कशासाठी पडला ते मला कळतं, पण त्याने दुःखही एकटीने गिळावं लागतं. एक मैत्रीण, एक बहीण, दोन नावं पुरतात. जावेच्या डोहाळजेवणाला जायचं नसेल तर जाऊ नका, नवऱ्याने काहीही कारण सांगावं. नोकरी करत असाल तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. डॉक्टरचा दाखला लागतो. बहुतेक जणी हे माहीत नसल्याने तिसऱ्या दिवशी कामावर हजर होतात.

तपासण्या पूर्ण झाल्या आणि टीएसएच खाली आला की प्रयत्नांना हरकत नाही. लवकर झालेल्या गर्भपातानंतर वर्षभर थांबायची शरीराला गरज नसते, एक पाळी येऊन गेली की पुरे. मन तयार आहे का, ते तुम्हीच सांगायचं. आणि त्या पहिल्या सोनोग्राफीची वेळ घेताना रिसेप्शनवर सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. नाहीतर ठोके दिसतील की नाही या विचारात, पोट आलेल्या आठ बायकांच्या मध्ये बाकावर दीड तास बसावं लागतं.